टाकीच्या तोंडावरचा डाग

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आटपाडीकडच्या एका वस्तीवरचा पोरगा छोट्या टेम्पोत एक इंजिन घालून माझ्या वर्कशॉपवर आला. सांगलीत गेली सत्तावीस वर्षं मी इंजिनं आणि पंप दुरुस्त करतोय. पोरगा म्हणाला, "मेस्त्री, पणजोबांचं डिझेल इंजिन हाय. चालवायचं न्हाय. झकास रंगवून द्या, नव्या घराच्या दारात ठेवायचंय."

खाली उतरवून घेतलं. एका लोखंडी चौकटीवर एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला दोन इंची पंप. अंगावर रंगाचे तीन थर: वर लाल, त्याखाली निळा, खरवडल्यावर अगदी तळाशी हिरवा. नावाची पट्टी गायब, नुसती रिव्हेटची दोन भोकं उरलेली. वरचं पत्र्याचं आवरणही नव्हतं. मी त्याला म्हणालो, "ठेवून जा. पण काय आहे ते कळल्याशिवाय मी रंगाला हात लावत नाही."

हे मी कुणालाही सांगतो. इंजिन ओळखायचं म्हणजे नुसतं नाव शोधायचं नव्हे. कुठला बोल्ट मूळचा, कुठला नंतरचा, कुणी कशासाठी काय बदललं, हे सगळं वाचावं लागतं. रंग मारला की ते वाचायचं राहून जातं.

पहिली गोष्ट पान्याने सांगितली. हेडच्या बोल्टला १३ चा पाना चढेना आणि १४ चा लावला तर नुसता फिरून जाई. म्हणजे माप मिलिमीटरचं नाही. कपाटातून व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाचे पाने काढले. या पान्यांवर लिहिलेला आकडा बोल्टच्या डोक्याचा नसतो, आट्यांच्या बाजूच्या जाडीचा असतो. नव्या पोरांचा इथेच गोंधळ होतो. पाव इंच लिहिलेला पाना टच्च बसला. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० चा. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ साली झाला, पण कारखान्यांमधून इंच जायला बरीच वर्षं लागली. त्यामुळे साल हाती लागलं नाही, तरी घराणं कळलं. माप विलायती होतं.

दुसरी गोष्ट, हे डिझेल नव्हतंच. ना डिझेल फवारणारा इंजेक्टर, ना हाय प्रेशरचा पाइप. हेडमध्ये एक बोल्ट तागाची दोरी गुंडाळून बसवलेला होता. तो काढला तर आत ठिणगीच्या प्लगचे आटे दिसले. आणि घरचे ज्याला पंखा समजत होते ते मॅग्नेटोचं फ्लायव्हील होतं. त्याच्या पात्या इंजिन थंड ठेवतात आणि त्यातलीच चुंबकं ठिणगीची वीज तयार करतात. वायर ब्रशने चोळल्यावर ओतीव अक्षरं वर आली: विलिअर्स.

मला खरंच आनंद झाला. वुल्व्हरहॅम्प्टनच्या या कंपनीने एकेकाळी मोटारसायकली, गवत कापायची यंत्रं, फवारे, जनरेटर, पंप अशा सगळ्यांना छोटी इंजिनं पुरवली. १९५६ साली त्यांचं विसाव्या लाखाचं इंजिन तयार झालं आणि ते लंडनच्या सायन्स म्युझियमला दिलं. माझ्यासमोर होतं त्यांचं साइड व्हॉल्व्हचं, हवेवर थंड होणारं, चार स्ट्रोकचं इंजिन. ही पंपावरची इंजिनं पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची. त्यासाठी टाकीला दोन कप्पे लागतात, रॉकेलचा मोठा आणि पेट्रोलचा लहान. खाली फिरवायचा कॉक, एकदा याचं तेल, एकदा त्याचं.

पण या टाकीला तोंड एकच होतं. कॉक मात्र दोन्हीकडे फिरणारा. मी बोटाच्या पेराने टाकी वाजवत गेलो. डाव्या टोकाला आवाज बदलला, बद्द झाला. तिथला लाल रंग खरवडला, निळा खरवडला, तर खाली शिशाचा जाड डाग लागला. रुपयाएवढं तोंड कुणीतरी पत्र्याची चकती ठेवून गच्च बंद केलं होतं. हिरव्या रंगाच्या वर आणि निळ्याच्या खाली.

गळती थांबवायला दिलेला डाग वेगळा दिसतो. तो भेगेवर असतो, वेडावाकडा असतो. हा गोल, नीट, दोन फेऱ्यांत दिलेला होता. चांगलं तोंड मुद्दाम बंद केलेलं. पेट्रोलचं तोंड बंद केलं तर हे इंजिन सुरूच होणार नाही. थंड इंजिन नुसत्या रॉकेलवर पेटत नाही. मग पुढच्या पिढीने उरलेल्या कप्प्यात डिझेल ओतून दोऱ्या ओढल्या असणार, कारण कार्बोरेटरच्या वाटीत डिझेलचा चिकट तपकिरी थर बसला होता.

पोराला फोन केला. तो म्हणाला, आज्जीला विचारतो. संध्याकाळी त्याचाच फोन आला, आवाज उतरलेला. "मेस्त्री, आज्जी म्हणतीया, तुम्हीच या. फोनवर न्हाय सांगायची."

रविवारी गेलो. पंपाचे पाइप आणि फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, तसेही बघायचे होते. आज्जी ओट्यावर बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मी डागाचं बोलायच्या आधी त्यांनीच हवेत हात फिरवून दाखवला. पुलीवर दोरी कुठून गुंडाळायची, किती वेढे, मग कमरेतून झटका. दिशा अचूक होती. "डिझेल न्हवं रं त्ये. आदी पेट्रोल. तापलं की रॉकेल. आन बंद करायच्या आदी परत पेट्रोलवर घ्याचं, न्हायतर दुसऱ्या दिशी उठत न्हाय."

इतकं नेमकं तर कित्येक मेस्त्री सांगत नाहीत. बंद करताना वाटीत रॉकेल राहिलं तर सकाळी थंड इंजिनाला तेच मिळतं आणि ते पेटत नाही.

मग त्यांनी विहीर दाखवली. दगडी बांधकामाची, आत उतरायला पायऱ्या, आणि वरून पंचवीसएक फुटांवर भिंतीतून बाहेर आलेला एक दगडी कट्टा.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो पाइपातली हवा कमी करतो, आणि विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हिशेबाने ही उंची दहा मीटरच्या थोडी वर जाते. प्रत्यक्षात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट मिळाले तरी पुष्कळ. पाणी त्याखाली गेलं की इंजिन कितीही दमदार असो, पंप कोरडाच फिरतो. मग उपाय एकच, पंपच खाली न्यायचा. १९७२ च्या दुष्काळात पाणी तळाला गेलं तेव्हा या वस्तीने हे इंजिन दोरखंडाने त्या कट्ट्यावर उतरवलं.

"धा दिवस चाललं," आज्जी म्हणाल्या. "अकराव्या दिशी इंजिन चालू हुतं आन पाणी येईना. माजं धाकलं दीर बंद कराया खाली उतरलं. बावीस वर्साचं प्वार. हाक मारली तर वर बघून हसलं आन तिथंच बसलं. आमाला वाटलं, दमलं."

त्या पुढचं फार बोलल्या नाहीत. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीने धरतो. विहिरीत वारा नसतो, धूर वर निघून जात नाही. माणूस गुदमरत नाही, ओरडत नाही. त्याला गुंगी येते आणि तो बसतो. वरून बघणाऱ्याला दमल्यासारखाच दिसतो.

इंजिन वर काढल्यावर घरातल्या पुरुषांनी ते परत उतरवायची तयारी चालवली. पाणी तर लागणारच होतं. आज्जी तेव्हा तिशीच्या आतल्या. आठवड्याच्या बाजारात भांड्यांना डाग देणारा एक कारागीर बसायचा. त्याला वस्तीवर बोलावून त्यांनी पेट्रोलचं तोंड बंद करून घेतलं आणि प्लग काढून विहिरीत टाकला. "सासऱ्यानं चार दिस जेवान टाकलं. म्या म्हनलं, टाका."

मी बराच वेळ काही बोललो नाही. शेवटी विचारलं, "आज्जी, डाग तसाच ठेवू? नुसतं साफ करून देतो."

त्या म्हणाल्या, "उगड. तेचा काय गुना? पर हिरीत न्हाय जायाचं त्ये परत."

मग कामाला लागलो. टाकी आधी सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुतली आणि काठोकाठ पाण्याने भरली, कारण तेलाच्या रिकाम्या टाकीजवळ उष्णता नेणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. मग सोल्डरिंग आयर्नने कडेकडेने शिसं सोडवलं. चकती अलगद उचलली गेली. ती कापडात गुंडाळून ठेवली. आत मुरूम आणि खिळे घालून टाकी तासभर हलवली, तेव्हा कुठे गंज निघाला.

फ्लायव्हील काढताना शिकाऊ पोराला मुद्दाम जवळ बोलावलं. विलिअर्सचा नट हातोडीच्या एका ठोक्यात ढिला होतो, थोडा फिरतो आणि पुन्हा घट्ट लागतो. पोरं तिथे घाबरून थांबतात. पण तो अडकलेला नसतो. तोच नट आता फ्लायव्हीलला शाफ्टच्या निमुळत्या टोकावरून बाहेर ओढत असतो. दुसरा ठोका मारला की चाक हातात येतं. चुंबकांवर लगेच लोखंडाच्या पट्ट्या ठेवल्या, म्हणजे जोर टिकतो. आतले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणारे दोन ठिपके, पांढरे पडले होते. बारीक पॉलिश पेपरने घासून गॅप १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर ठेवला. कॉइल शाबूत होती, कंडेन्सर मेलेला होता. जुन्या स्कूटरचा कंडेन्सर बसवला आणि अंधारात चाक फिरवलं. प्लगवर निळी, जाड ठिणगी उडाली.

कार्बोरेटरच्या वाटीत तेलाची पातळी राखणारा पितळी फ्लोट कानाशी हलवला तर आत तेल खळखळत होतं. गरम पाण्यात बुडवल्यावर जोडापाशी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. छिद्र सापडलं. आतलं तेल पूर्ण काढून, सुकवून, टाचणीच्या डोक्याएवढाच डाग दिला. जास्त दिला तर फ्लोट जड होतो आणि वाटी ओसंडते. व्हॉल्व्ह पेस्ट लावून हाताने घासले, वर पेट्रोल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी खालचा पोर्ट कोरडा होता, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसले होते. पिस्टन रिंगा सुटायला मात्र आठ दिवस लागले. रोज थोडं तेल, रोज थोडा हिसका. पंपाचा इम्पेलर धड होता, शाफ्टपाशी पाणी अडवणारी ग्लँडची दोरी बदलली, फूट व्हॉल्व्हचं वाळून कडक झालेलं चामडं काढून नवं कापून बसवलं.

रंग हिरवा दिला, तळचा. नावाच्या पट्टीच्या जागी पितळेची पट्टी त्याच दोन भोकांत रिव्हेट केली आणि तिच्यावर एकेक अक्षर ठोकलं: विहिरीत किंवा बंद जागेत चालवू नये. चौकटीचे दोरखंड अडकवायचे चारही कडे मी कापून टाकले. जुन्या वस्तूचं काही कापणं माझ्या जिवावर येतं, पण इथे मन जराही कचरलं नाही.

एप्रिलमध्ये शेततळ्याच्या बांधावर, मोकळ्यावर, इंजिन लावलं. आज्जींसाठी वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची ठेवली. पाइपात पाणी भरून घेतलं, लहान कप्प्यात पेट्रोल घातलं. दोरी पोराने गुंडाळली, आज्जींनी दाखवलेल्या दिशेने. पहिले तीन झटके फुकट गेले. चौथ्याला एक ठोका पडला, पाचव्याला इंजिनाने सूर धरला. डिलिव्हरीतून आधी हवा फसफसली, मग गढूळ पाणी, मग मनगटाएवढी स्वच्छ धार. हेडवर हात ठरेना इतकं तापल्यावर मी कॉक रॉकेलवर फिरवला. आवाज क्षणभर घोगरा झाला आणि स्थिरावला.

आज्जी काहीच बोलल्या नाहीत. धारेकडे बघत राहिल्या. पंधराएक मिनिटांनी उठल्या, पोराचा हात धरून इंजिनापाशी आल्या आणि वाकून स्वतः कॉक पेट्रोलवर घेतला. वाटीतलं रॉकेल जळून आवाज बदलेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग मला खुणेने म्हणाल्या, आता कर बंद.