मायचं नाव

आज पुतणीचं नाव अंगणवाडीत टाकून आलो. तिथं विषय निघाला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या शाळेच्या कागदावर आधी मायचं नाव, मग बापाचं. घरी मायले सांगतलं त म्हणे, “मंग? नवीन काय हाय त्याच्यात?”

खरंच. आमच्याकडं वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, दोघा मोठ्या भावांचं बोलणं बंद. पण माय आंबाडीच्या भाजीची वाटी घेऊन पलीकडं जाते अन् सांगते, “मधल्यानं पाठवली.” येताना ठेचा आणते, “मोठ्यानं आठवणीनं देल्ला.” दोन्ही सफा खोटं, अन् दोघांनाही माहीत! तरी वाटी कोणी परत धाडत नाही. पऱ्हाटी फुटली की वेचाले आधी कोणाच्या वावरात जायचं, हेही तीच ठरवते. तिथं कोणाची टाप नाही, राजेहो.

सातबारावर मात्र तिचं नाव कुठंच नाही. हे मला लय खटकते. बोललो तसं.

“ते पाह्यजो तलाठ्याकडं,” म्हणे. “आधी पोळ्याले सारे एका पंगतीत बसतीन का, ते इचार तुह्या भावाईले.”