ट्रॅकवर निघालात? मोठं किट राहू द्या, आधी ब्रेक ऑइल बदला

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण खांदे अजून दुखतायत आणि डोकंही शांत झालेलं नाही: रेस ट्रॅकसाठी म्हणून मोठं ब्रेक किट, म्हणजे मोठ्या डिस्क आणि कॅलिपरचा संच, घेऊ नका. निदान सगळ्यात आधी तरी नाहीच.

आम्ही दोघं गेलो होतो, गाड्या एकाच मॉडेलच्या, माणसासकट साधारण १५०० किलोच्या. माझ्या गाडीला पुढे सहा पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) आणि ३५५ मिमीच्या डिस्क. बसवून देणाऱ्या वर्कशॉपचं म्हणणं, "आता दिवसभर हाणा, ब्रेककडे बघायचंच नाही." मित्राच्या गाडीला कंपनीचेच कॅलिपर आणि कंपनीच्याच डिस्क. त्याने ट्रॅकचे पॅड टाकले होते, रेसिंगचं ब्रेक ऑइल भरलं होतं आणि बंपरमधून डिस्कच्या मधोमध हवा नेणारी नळी ओढली होती. बस. तो संध्याकाळपर्यंत एकही सेशन न सोडता फिरला. माझी गाडी दुपारपर्यंत जॅकवर.

या ट्रॅकवर ब्रेकचा सगळा हिशेब एकाच जागी होतो. लांबलचक सरळ पट्टा, आणि तो संपतो तिथे उजवीकडे आवळत जाणारं दुसऱ्या गिअरचं वळण. पट्ट्याच्या शेवटी वेग २००, वळणात शिरताना ८०. टायर चांगले असतील तर हे काम सुमारे साडेतीन सेकंदांत आणि १३५ मीटरच्या आत उरकतं. तेवढ्या वेळात डिस्क आणि पॅडनी जवळपास १९ लाख ज्यूल उष्णता गिळायची. रस्त्यावर १०० च्या वेगातून गाडी पूर्ण थांबवता तेव्हा निघते त्याच्या तिपटीहून जास्त, आणि पुढच्या लॅपला डिस्क थंड व्हायच्या आत पुन्हा तेच.

पहिले काही लॅप मजेत गेले. मग १५० मीटरच्या पाटीपाशी पाय दाबला आणि पेडल खाली गेलं ते गेलंच, थेट तळाला. भराभर दोन-तीनदा पंप केल्यावर थोडा जोर आला, तोवर वळण निघून गेलं होतं आणि मी खडीत. गाडीला ओरखडासुद्धा नाही, पण पाय बराच वेळ लटपटत होते.

पिटमध्ये चाक काढून कॅलिपर ब्लीड केले, म्हणजे आतलं ऑइल नि हवा बाहेर काढली, तर बुडबुडेच बुडबुडे. ऑइल उकळलं होतं. वर्कशॉपच्या बिलात नीट वाचलं तर साधं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल भरल्याची नोंद. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २३० अंश; ३.७ टक्के पाणी शोषलं की १५५. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. रेसिंगची चांगली ऑइलं ताजी असताना ३०० च्या पुढे जातात. एवढाल्या कॅलिपरचे पैसे मोजून घेतले आणि आत भरलं हे! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते असं. मित्राकडचं ऑइल भरलं, पेडल परत आलं.

दुपारनंतर दुसरं नाटक. आता पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबायला तयार नाही, आणि जळका वास. किटसोबत दिलेले पॅड रस्त्याचेच निघाले. हा फरक जाणाऱ्याने पाठ करून ठेवावा: पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलंय, पेडल घट्ट आहे आणि गाडी थांबत नाही, तर पॅड गेलेत. दोन्ही दुखण्यांवर कॅलिपरचा आकार हे औषध नाही.

"पण मोठ्या ब्रेकने गाडी लवकर थांबते ना?" नाही. कंपनीचे ब्रेक एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होईपर्यंत जोर लावू शकत असतील, तर त्यापुढे गाडी थांबवतो तो टायर. मोठी डिस्क उष्णता जास्त साठवते, तिचा फायदा एवढाच. शिवाय पिस्टन मोठे आणि पेडलमागून ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच, त्यामुळे माझं पेडल पहिल्या दिवसापासून जास्त खोल दाबावं लागत होतं. फक्त पुढेच किट बसवलं की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोलही बिघडू शकतो.

मित्राच्या डिस्कच्या कडेला तापमानाचा रंग लावला होता. हिरवा ४३० अंशांना उडतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. संध्याकाळी हिरवा आणि नारिंगी उडालेला, लाल जसाच्या तसा. म्हणजे कंपनीची बारकी डिस्क ५६० च्या पुढे जाऊनही, त्या तापाला पुरणारे पॅड असल्यामुळे, निभावून गेली. माझ्या दृष्टीने वाद तिथेच संपला. गाडी वजनदार आणि ताकदवान असेल, पॅड-ऑइल-हवा सगळं करूनही लाल रंग उडत असेल, तर किट घ्या. हजार-अकराशे किलोच्या हलक्या गाडीला ते घेणं ही निव्वळ हौस. त्या पैशांत टायर घ्या.

भोकं पाडलेल्या डिस्क नकोत, ट्रॅकच्या तापात भोकांपासूनच तडे जातात. खाचांच्या किंवा साध्या घ्या. स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) घातले तर पेडल जरा टणक लागतं, पण उकळायचं ऑइल उकळतंच. कार्बन सिरॅमिक डिस्क असतील तर ट्रॅकसाठी लोखंडी लावून जाणारे शहाणे, कारण त्या बदलण्याचा खर्च ऐकवत नाही. इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा चालू ठेवाल तर तीही आपणहून चाकांना ब्रेक लावत राहते, तेव्हा मागच्या पॅडकडेही लक्ष ठेवा.

दुसऱ्या दिवशी उसने पॅड घालून, ते बेताने तापवून बसवून घेतल्यावर सगळं सुरळीत चाललं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

निघण्याआधी पॅड अर्ध्याहून जास्त जाड आहेत ना ते बघा. झिजलेला पॅड उष्णता थेट पिस्टनकडे आणि ऑइलकडे पाठवतो. सेशनचा शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारा. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका आणि पेडलवर पाय ठेवून थांबू नका, नाहीतर तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर चिकटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला ठोकळा लावा. चाकाचे नट टॉर्क पान्याने तपासा, थंड झाल्यावर पुन्हा तपासा. ट्रॅकचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत आणि किंचाळतात, म्हणून परतीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. आणि बाटलीत उरलेलं ऑइल पुढच्या खेपेसाठी राखू नका, एकदा उघडलं की ते हवेतलं पाणी ओढायला लागतं.