खांद्यावरची गाठ

कैरोच्या मेट्रोने मार गिर्गिसला उतरलं की समोरच रोमन काळातल्या बॅबिलोन किल्ल्याचे बुरूज दिसतात. त्यांना खेटूनच कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांचं, म्युझियम आहे, मार्कुस सिमैका यांनी १९०८ साली सुरू केलेलं. मी खास कापडं बघायला गेले होते आणि जेमतेम तळहाताएवढ्या एका चौकोनापाशीच अडकले.

गडद जांभळी लोकर, आणि तिच्यावर फिक्या लिननच्या धाग्याची एकच रेघ. ती स्वतःच्याच खालून जाते, वरून येते, कोपऱ्यात वळते, पुन्हा आत शिरते. मी हवेत बोट फिरवत तिचा माग काढायला लागले. तीनदा वाट चुकले. रेघेला टोकच नाही.

असे चौकोन, गोल आणि उभे पट्टे इजिप्तमध्ये इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकापासून पुढे कित्येक शतकं अंगरख्यांवर असत. ते भरतकाम नव्हे. अंगरखा बहुधा एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत एकसंध विणला जाई, गळ्यासाठी फट ठेवली जाई, आणि नक्षी त्याच मागावर, त्याच उभ्या धाग्यांवर उतरे. लिननला रंग नीट धरत नाही, लोकरीला धरतो, म्हणून अंग पांढरं लिननचं आणि नक्षी रंगीत लोकरीची.

हे नुसतं वाचून मला कळेना. घरी लाकडी चौकट आहे, तिच्यावर करून पाहिलं. उभे धागे दोन-दोन, तीन-तीन एकत्र धरायचे, म्हणजे लोकर घट्ट बसते आणि ते धागे झाकले जातात. मग लिननचा एक बारीक जादा धागा त्या जांभळ्यावरून मोकळा खेळवायचा, वर, तिरका, आडवा, जणू बोरूने रेघ ओढावी तसा. दोन अंगठ्यांएवढ्या गाठीला मला चार संध्याकाळी लागल्या. एका वळणावर मी चुकीच्या बाजूला गेले आणि अखंड वेटोळ्याची दोन सुटी वेटोळी झाली. सगळं उसवलं. तो सबंध रस्ता विणकराच्या डोक्यात आधीच तयार असणार, त्याशिवाय हे होणार नाही.

रंगाचंही सांगायला हवं. अस्सल जांभळा समुद्री गोगलगायींपासून निघे. सम्राट डायोक्लेशनच्या ३०१ सालच्या दरपत्रकात जांभळ्या रेशमाच्या एका रोमन पौंडाला १,५०,००० दिनारी असा भाव आहे. इजिप्तमधल्या बहुतेक कापडांवरचा जांभळा मात्र मंजिष्ठा आणि निळीचा. इजिप्तमध्येच सापडलेल्या आणि आता स्टॉकहोममध्ये असलेल्या ग्रीक पपायरसमध्ये अशा रंगांच्या कृती दिल्या आहेत. मला त्यात फसवणूक दिसत नाही. रंगाऱ्याचं कसब दिसतं.

पण मला खरं खिळवून ठेवलं ते या नक्षीच्या जागांनी. गळा, बाह्यांची टोकं, खालची किनार, खांदे, गुडघे. कपडा जिथे उघडा पडतो आणि अंग जिथून बाहेर येतं, नेमक्या त्याच जागा. वाईट नजर आणि दुष्ट शक्ती यांची भीती त्या काळी घरोघरी होती. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की टोक नसलेल्या या गाठी म्हणजे पहारा होता, आत शिरू पाहणाऱ्या नजरेने त्यातच गुरफटून जावं म्हणून. एकच घोडेस्वार किंवा एकच ससा त्याच अंगरख्यावर पुन्हा पुन्हा येतो, तेही संरक्षण पक्कं करण्यासाठी. चौकटीवर चार संध्याकाळी घालवल्यावर मला हे पटतं. एवढी मेहनत नुसत्या शोभेसाठी कोणी दर वेळी गळ्याशी आणि मनगटाशीच का करेल?

पुढे ख्रिस्ती कथाही कपड्यांवर आल्या. बायबलमधल्या योसेफच्या कथेची गोल नक्षी तर बरीच सापडते. इ. स. ४०० च्या सुमाराला आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, अमासियाचे बिशप अस्टेरियस यांनी श्रीमंतांना खडसावलं होतं. ख्रिस्ताने बऱ्या केलेल्या पक्षाघाताच्या रोग्याचं चित्र अंगावर मिरवू नका, खऱ्या आजाऱ्याला शोधा, असं त्यांचं म्हणणं. ते कपडे घालणाऱ्यांची मात्र श्रद्धा होती की देव यावर प्रसन्न होतो. मला दोघांचंही मन कळतं.

मृतांना याच कपड्यांत पुरत, आणि कोरड्या वाळूने ते जपले. १८८० च्या दशकात इजिप्तमधल्या अखमीमची दफनभूमी उकरली गेली आणि कापडं बाजारात आली. विकणाऱ्यांनी रंगीत नक्षी तेवढी कापून घेतली, साधं लिनन टाकून दिलं. याचं मला फार वाईट वाटतं. नक्षी राहिली, तिची जागा गेली. माझ्या चौकोनाच्या कडेला लिननची चिंचोळी पट्टी उरली आहे, पण तो उजव्या खांद्यावर होता की डाव्या गुडघ्याशी, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

म्हणून अखंड राहिलेले अंगरखे मला जास्त जवळचे वाटतात. मुलांचेही सापडले आहेत, काहींना डोक्यावर घ्यायची टोपी जोडलेली. कमरेशी आडवी दुमड घालून टाके मारलेले दिसतात. ती उसवली की अंगरखा लांब होई. काहींची दुमड अजून तशीच टाचलेली आहे.