सोन्याच्या नॅनोनळ्यांची जाळी: घोडं अडतं ते धुण्यापाशी

धातूच्या नॅनोनळ्यांची, म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांची जाळी करताना प्लास्टिकच्या साच्यातल्या छिद्रांना आतून धातूचा मुलामा चढवतात आणि मग साचा विरघळवतात. त्यासाठी जेवढ्या कृती वाचल्या, त्या सगळ्यांत मुलाम्याआधीच्या टिनच्या द्रावणानंतर एकच वाक्य आहे: मेथॅनॉलने नीट धुऊन घ्या. किती वेळ, किती मेथॅनॉल, हलवत की नुसतं बुडवून, हे कुणी लिहीत नाही. माझं काम या एका वाक्यापाशी अडून बसलं होतं आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

साच्याचा भाग मला सोपा गेला. पॉलिकार्बोनेटच्या पातळ फॉइलवर जड आयनांचा मारा करून घ्यायचा (डार्मस्टाटच्या जीएसआयसारख्या प्रवेगकावर तो होतो), मग आयनांच्या वाटा कोमट सोडियम हायड्रॉक्साइडने कोरायच्या, की आरपार छिद्रं तयार. मारा मात्र वेगवेगळ्या दिशांनी तिरका हवा. छिद्रं एकमेकांना छेदली तरच पुढे पॉलिमर (म्हणजे हे पॉलिकार्बोनेटच) विरघळल्यावर जाळी स्वतःच्या बळावर उभी राहते. एकाच दिशेच्या सुट्या नळ्या आडव्या पडतात.

छिद्रांच्या भिंतींवर विजेशिवाय सोन्याचा मुलामा चढवायची कृती रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मार्टिन यांच्या गटाची, 1990च्या दशकातली. आधी टिन क्लोराइडमध्ये 45 मिनिटं, मग अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये 5 मिनिटं. भिंतीला चिकटलेलं टिन चांदीचे बारीक कण बसवतं, आणि सोनं त्या कणांवर धरतं. सोन्याच्या द्रावणात सल्फाइट आणि फॉर्मल्डिहाइड असतं, तापमान 4 अंश, पीएच 10च्या आसपास.

माझं फॉइल वरून सुरेख सोनेरी दिसायचं. फॉइल मोडून त्याचा आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेला की कळायचं, नळी तोंडाशी जाड होऊन बंद झाली आहे आणि आत भिंतीवर सोनंच नाही. सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळेपर्यंत थांबा, पुन्हा तेच चित्र बघा. ज्याला विचारावं तो सोन्याचं द्रावण बदलायला सांगायचा. तापमान, पीएच, फॉर्मल्डिहाइड, सगळं कमी करून झालं. मुलामा सावकाश चढला की तो आतपर्यंत पोचतो हे खरंच आहे, पण माझी तोंडं तरीही बुजत होती.

दोष आधीच्या पायरीत होता. पृष्ठभागावर सुटं टिन राहिलं की चांदी तिथेच ढिगाने बसते, मग सोनंही तिथेच आधी वाढतं आणि बूच बसतं. पाण्याने धुतलं तर आणखी वाईट: टिनचं जलविघटन होऊन साका धरतो, तोही छिद्रातच. उलट फार धुतलं तर भिंतीवरचं टिनही निघून जातं आणि नळीला भोकं राहतात.

शेवटी मी धुण्याला एक कसोटी लावली. धुतलेल्या मेथॅनॉलचा थेंब चांदीच्या द्रावणाच्या थेंबात टाकायचा. तपकिरी-करडं झालं तर टिन अजून सुटतं आहे, ताजं मेथॅनॉल घ्या. रंग आला नाही की त्याच क्षणी थांबा. मध्ये फॉइल वाळू देऊ नका, छिद्रात हवा अडकते. या कसोटीनंतर छेदात पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड नळ्या दिसल्या, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

छेदावरून आठवलं: पॉलिकार्बोनेट चिवट असतं, छेदासाठी मोडायला गेलं तर द्रव नायट्रोजनमध्येही फाटून ताणलं जातं. आधी अतिनील प्रकाशाखाली ठेवून ठिसूळ करून घ्या. टिनचं द्रावण गढूळ झालं असेल तर फेकाच. आणि हे मी खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं: अमोनियायुक्त चांदीचं द्रावण कधीही साठवून ठेवू नका, त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. लागेल तेवढंच करा आणि उरलेलं लगेच आम्ल घालून निकामी करा.

उत्प्रेरक म्हणून जाळी तपासायला चार-नायट्रोफिनॉल आणि सोडियम बोरोहायड्राइड पुरतं. मिश्रण गर्द पिवळं असतं, जाळी सोडली की रंग उतरत जातो आणि 400 नॅनोमीटरजवळचं प्रकाशाचं शोषण घसरतं. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संवेदकासाठी मी पुढे प्लॅटिनमकडे वळले, पण टिन-चांदीची सुरुवात तीच आणि धुण्याची कसोटीही तीच. दोन्हींसाठी पॉलिमर विरघळवताना डायक्लोरोमिथेन पुन्हा पुन्हा बदला. एकदाच बुडवलं तर वाळताना पॉलिमरचा पातळ थर धातूवर बसतो, आणि मग इतकी मेहनत घेतलेला पृष्ठभाग झाकला जातो.