दोन आणि चारवरचा चॉप

मंगळवार, रात्री

ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं तारवाद्यांचं लोकसंगीत, शिकवायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बॅन्जोचा वेग येतो. (मुंबईच्या मिरवणुकीतला कळांचा बेंजो तो वेगळा, हा पाच तारांचा, तोंडावर पान ताणलेला.) ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या बँडमध्ये १९४५च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज आला आणि त्याच्या तीन बोटांच्या वादनाने या संगीताचा नाद पक्का झाला, हे खरंच. पण गावोगावचे गट नवशिक्याला वेग शिकवत नाहीत. साथ शिकवतात, आणि तेच बरोबर आहे.

नॉर्थ कॅरोलायनातलं स्पार्टा हे छोटं गाव घ्या. शाळेत समुपदेशक असलेल्या हेलन व्हाइट यांनी २००० साली तिथे ‘ज्युनियर ॲपलेशियन म्युझिशियन्स’ सुरू केलं. शाळा सुटली की मुलं फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बॅन्जो, गिटार शिकतात. छोट्या गटात, आणि मुख्यतः कानाने. वाद्य नसेल तर वापरायला मिळतं. पुढे ॲपलेशियन डोंगरपट्ट्यातल्या इतर गावांनी हाच नमुना उचलला, आणि तिथले वर्ग तिथलीच मंडळी चालवतात.

वाद्यं उसनी देणं ऐकायला सोपं वाटतं, पण गटाचा निम्मा जीव त्यातच जातो. थंडीत हीटर लागले की हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं आणि फिडलच्या खुंट्या सुटतात. मूल घरी तार पिळत बसतं आणि ती तुटते. म्हणून मुलांच्या फिडलला खालच्या बाजूला चारही तारांचे बारीक स्क्रू बसवून द्यावेत; खुंटीला हात लावायची वेळच कमी येते. बॅन्जोची गंमत निराळी. त्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबावर उभी असते. पाचही तारा एकदम काढल्या की घोडी पडते आणि तिची जागा हरवते. तारा एकेक करून बदलायच्या. तरीही घोडी हललीच, तर बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच तार दाबून निघणारा स्वर ताडून बघायचे. दाबलेला चढा वाटला तर घोडी मानेपासून थोडी लांब सरकवायची, उतरा वाटला तर जवळ.

बॅन्जो जी-डी-जी-बी-डी असा लावला की मोकळ्या तारा छेडल्या तरी जी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजते. डाव्या हाताचं एक बोटही न लावता पहिल्याच दिवशी मूल गाण्यात सामील होतं. त्यात सी आणि डी जोडले की ढीगभर गाणी निघतात.

त्यानंतर स्लो जॅम, म्हणजे संथ लयीत सगळ्यांनी मिळून वाजवणं. सगळे गोल करून बसतात, लय मिनिटाला ८० ठोक्यांच्या आसपास. बेस एक आणि तीनवर. मँडोलिनचा चॉप, म्हणजे तुटक ठोका, दोन आणि चारवर: कॉर्ड दाबायची, छेडायची, आणि त्याच क्षणी डाव्या हाताची पकड सैल करायची म्हणजे आवाज जागच्या जागी तुटतो. बोटं दाबूनच ठेवली तर चॉपऐवजी नुसती झणझण उरते. नवशिक्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे पळणं. लय वाढते, कारण कान बॅन्जोच्या धारेकडे असतो. शिक्षकाने बेस सोडून सगळ्यांना थांबवावं, दोन फेऱ्या नुसता बेस ऐकवावा, मग पुन्हा सुरू. पायाने ताल धरा, असं शंभरदा सांगण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं.

गाणारा सांगेल ते गाणं, सांगेल तो सूर. गाणं चालू असताना बाकीच्यांनी आवाज खाली आणायचा. शब्द ऐकू येत नसतील तर आपण जोरात वाजवतोय. सोलोची पाळी नजरेने दिली जाते. तयारी नसेल तर मान हलवायची, पाळी पुढच्याकडे जाते, कुणाला राग येत नाही. (हा भाग भजनी मंडळात वाढलेल्याला समजवावा लागत नाही.) शेवट जवळ आला की म्होरक्या पाय उचलतो, आणि ज्याचं लक्ष बोटांत अडकलंय तो एकटाच पुढे वाजवत राहतो.

गायकाला ए सूर हवा असेल तर गिटारवाला दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून मोकळा होतो. बॅन्जोवाल्याचं काम वाढतं, कारण पाचवी तार आखूड असते, पाचव्या पडद्यापासून सुरू होते, आणि कॅपो तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यासाठी सातव्या पडद्याशी एक चिमुकला खिळा ठोकलेला असतो. हा बहुतेकदा खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचा असतो. तार त्याखाली अडकवायची. खिळा सैल असेल तर तार झणझणते, खोल गेला असेल तर सूर चढतो. खिळा स्वतः ठोकू नये, कारागिराकडून बसवून घ्यावा. बॅन्जोची मान एकदा चिरली की गटाचं उसनं वाद्य कायमचं कोपऱ्यात जातं.

एका वर्तुळात दोन बॅन्जो आले तर एकाने साथीला थांबावं. दोघांचे रोल (बोटांनी एकेक तार छेडण्याचे ठरावीक क्रम) एकमेकांत गुंतले की कुणाचंच काही ऐकू येत नाही.