गाळा घेतला ते मशीन फिरलं: ९४ दिवसांचा माझा अनुभव

मागच्या आठवड्यात बचत गटातल्या दोघीतिघींनी विचारलं की ताई, घरातनं गाळ्यात जायचंय तर काय काय लागतं, मी फोनवर सांगत बसले तर अर्धा तास गेला आणि तरी निम्मंच झालं, म्हणून एकदाचं लिहूनच काढते. लांब होईल, पण वाचा.

मी नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहते. सहा वर्षं घरातूनच भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करून द्यायचे. २०२२ ची दिवाळी झाली आणि लक्षात आलं की घरचा मिक्सर आणि बाहेरचं कांडप यावर आता भागणार नाही. मग मी आणि माझ्या जाऊबाई, दोघींनी मिळून जवळच एक छोटा गाळा भाड्याने घेतला. हिशोब साधा होता, मसाल्याचा सीझन फेब्रुवारीअखेर सुरू होतो, म्हणजे जानेवारीत कागद केले की दीड महिना हातात.

माझी भाची तेव्हा इकॉनॉमिक्स घेऊन टीवायला होती, आणि तिचा प्रोजेक्ट नेमका जागतिक बँकेच्या 'डूइंग बिझनेस' या रिपोर्टवर. कुठल्या देशात धंदा सुरू करायला किती पायऱ्या, किती दिवस, किती खर्च, हे मोजून १९० देशांची क्रमवारी लावायचे. भारत आधी १४२ वा होता आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या रिपोर्टमध्ये ६३ वा आला. वीजजोडणीत तर २२ वा. पण भारताचा आकडा म्हणजे फक्त मुंबई आणि दिल्ली. मी तिला म्हटलं, अगं मग आम्ही खाडीच्या अलीकडचे कुठे गेलो? ती म्हणाली, "मावशी, तू वहीत लिहून ठेव ना, कुठल्या दिवशी काय झालं ते. तुझं माप तूच काढ." तिनेच पेरूच्या अर्नांदो दे सोतो या अर्थतज्ज्ञाची गोष्ट सांगितली. त्यांच्या टीमने १९८३ साली लिमामध्ये कपडे शिवायचा एक छोटा कारखाना कायदेशीरपणे नोंदवून बघितला, फक्त किती वेळ लागतो ते कळावं म्हणून. २८९ दिवस लागले. ते ऐकून मी त्याच रात्री दोनशे पानी वही काढली.

आता दिवस सांगते.

९ जानेवारी २०२३ ला लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची नोंदणी झाली, हल्ली अंगठा आणि फोटो घेऊन ऑनलाइन होते. त्याच संध्याकाळी दुकान-धंद्याच्या नोंदीचं, म्हणजे शॉप अ‍ॅक्टचं काम झालं. इथे बऱ्याच जणी एजंटला पैसे देतात, देऊ नका. आपल्या राज्यात २०१७ च्या नव्या कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नोंदणी लागत नव्हती, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी पण आधारवर होते आणि फुकट आहे. दोन्ही मिळून आम्हाला दीड तास लागला.

मग पहिली ठेच. अ‍ॅग्रीमेंटमध्ये सेक्टर नंबर चुकला होता, लाइट बिलावर वेगळा. ही आमचीच चूक, सही करताना बघितलं नाही. चूक दुरुस्ती करून घेण्यात सात दिवस गेले. कृपा करून सही करायच्या आधी अ‍ॅग्रीमेंट, लाइट बिल आणि आधार शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचा.

१६ जानेवारीला फूडचा, म्हणजे खाद्यपदार्थ बनवून विकायच्या नोंदणीचा अर्ज टाकला. तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल असेल तर साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला १०० रुपये. त्या नियमात एक चांगली गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही, सात दिवसांत त्यांनी नोंदणी द्यायची, नाहीतर नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची, आणि यातलं काहीच झालं नाही तर छोटा उत्पादक काम सुरू करू शकतो. आम्हाला सातव्या दिवशी सर्टिफिकेट आलं. मी सांगते, मुदत अशी लिहिलेली असली की माणसाला झोप लागते.

१६ जानेवारीलाच एका स्थानिक ऑफिसात ना-हरकतीचा अर्ज दिला होता, ती ना-हरकत हातात आल्याशिवाय पुढे मशीनसाठी थ्री फेज विजेचं लोड वाढवून मिळणार नव्हतं. यादीतले सगळे कागद लावले होते. चार दिवसांनी गेले तर सांगितलं अजून एक कागद लागेल. कुठला? साहेबांना विचारा. साहेब मीटिंगला. पुढच्या आठवड्यात साहेब भेटले, म्हणाले मालकाचं काहीतरी क्लिअर नाहीये, बघून सांगतो. असं करत करत फेब्रुवारीची २० तारीख उजाडली. गाळ्याचं भाडं चालू, पल्व्हरायझर, म्हणजे मसाला कुटायचं मशीन, बुक करून ठेवलेला, आणि रोजच्या गिऱ्हाइकांचे फोन, की ताई यंदा मसाला कधी. जाऊबाई एक दिवस गाळ्यात बसून रडल्या, मला काय बोलावं सुचेना.

त्या रात्री भाचीने मला रिपोर्टच्या पद्धतीतलं एक वाक्य समजावून सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते दिवस मोजताना असं धरून चालायचे की धंदा करणाऱ्याला काय काय लागतं याची पूर्ण माहिती आहे आणि तो वेळ वाया घालवत नाही. म्हणजे मी १६ जानेवारीपासून ज्यात अडकले होते तो काळ त्या मापात जवळजवळ नाहीच. आणि आपल्याकडचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वाचला तर तिथेही हेच, मुदत मोजायला सुरुवात होते ती कागद पूर्ण झाल्यावर. तोंडी सांगितलेली त्रुटी कुठल्याच घड्याळात पडत नाही, आणि आपण मात्र रोज जगत असतो ती.

पण त्याच कायद्यात उपाय पण आहे. अधिसूचित सेवेसाठी अर्ज दिला की पोच मिळायला हवी, तिच्यावर अर्जाचा नंबर आणि मुदत पाहिजे. मुदतीत काम झालं नाही किंवा नाकारलं तर पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग, आणि कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. २३ फेब्रुवारीला मी साध्या कागदावर दोन ओळींचं पत्र लिहून नेलं, माझ्या अर्जात जी त्रुटी आहे ती लेखी द्यावी, आणि खाली कायद्याचं नाव. आवाज चढवला नाही. खिडकीवरच्या मॅडमनी पत्र वाचलं, आत गेल्या, आणि वीस मिनिटांत त्रुटीपत्र आलं. गाळामालकाचा मालमत्ता कर थकलेला होता. एवढंच! ३८ दिवस याच्यासाठी.

मालक साताऱ्याकडे गावी, त्यांना गाठून, पैसे भरून, पावती आणून द्यायला १८ दिवस गेले. १३ मार्चला फाइल पूर्ण झाली. तिथून पुढे ना-हरकत, मग लोड, मग मीटर, आणि १३ एप्रिलला मशीन फिरलं. पहिली मिरची कुटली तेव्हा अर्धा सीझन हातचा गेला होता.

वहीची बेरीज अशी आली. एकूण ९४ दिवस. आमची आणि मालकाची चूक निस्तरण्यात २५. फाइल पूर्ण असताना ऑफिसांनी घेतलेले ३१, आणि ते मला बिलकुल जास्त वाटत नाहीत, दोन ऑफिसं आणि मीटर धरून. उरलेले ३८, काय कमी आहे ते कुणी लिहून दिलं नाही म्हणून. सरकारने ऑनलाइन केलं, पायऱ्या कमी केल्या, त्याचा फायदा मला खरंच झाला, शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यममध्ये तो दिसला. पण अर्ज आल्यावर अमुक दिवसांत एकदाच, सगळ्या त्रुटी एकत्र, लेखी कळवायच्या, एवढं जरी प्रत्येक ऑफिसने पाळलं ना, तर माझ्यासारखीचा सीझन वाचतो.

'डूइंग बिझनेस'ची ती क्रमवारी खरं तर आम्ही गाळा घेण्याआधीच बंद झाली होती. २०१८ आणि २०२० च्या रिपोर्टमधल्या काही देशांच्या आकड्यांत गडबड सापडली आणि जागतिक बँकेने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ती थांबवली. भाचीला त्याचं वाईट वाटायचं, एवढा अभ्यास करतेय म्हणून. २०२४ ला 'बिझनेस रेडी' नावाचा नवा रिपोर्ट आला, त्यात कायदा कागदावर कसा आहे, सरकारी सेवा कशी मिळते आणि प्रत्यक्षात काम किती सोपं होतं, असं तीन बाजूंनी बघतात आणि प्रत्यक्ष धंदेवाल्यांनाही विचारतात. मला हे पटलं. पहिल्या खेपेला ५० देश होते, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान होते, आपण नव्हतो. भारताची पाळी येईल तेव्हा मुंबईच्या मोठ्या ऑफिसांबरोबर कोपरखैरण्याच्या आणि कळव्याच्या गाळ्यांतही विचारायला या, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तोपर्यंत आमच्या गटात जी कोणी गाळा घेते तिला मी वहीच्या पहिल्या सहा पानांचं झेरॉक्स देते आणि त्रुटीपत्र मागायच्या अर्जाचा नमुना देते. ऐरोलीच्या एकीचं सध्या चालू आहे. आज तिचा २३ वा दिवस, त्रुटी लेखी आली आहे, मालकाची एक सही बाकी आहे.