शेऱ्याचा रकाना

नाणी जमवणाऱ्याचं दुखणं नाणं मिळत नाही हे फारसं नसतं. मिळतं. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतं, प्रदर्शनात मिळतं, गावाकडच्या घरात देवांच्या डब्यातही मिळतं. खरं दुखणं म्हणजे समोरचं नाणं आपल्याकडे आधीच आहे का, हे ऐन वेळी न आठवणं. विक्रेता ‘बोला साहेब’ म्हणून खोळंबलेला, हातात पन्नास पैसे, तारखेखाली बारीक ठिपका. ठिपका म्हणजे नोएडा टांकसाळ. चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालाचं, एकाच किमतीचं, एकाच तोंडवळ्याचं नाणं संग्राहकाच्या लेखी चार वेगवेगळी नाणी असतात. घरच्यांच्या लेखी अर्थातच एक.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी यासाठी लाल कापडी बांधणीची वही ठेवली आहे. अनुक्रमांक, नाणं, कुठून घेतलं, कितीला घेतलं, शेरा. अक्षर मनीऑर्डरच्या फॉर्मवरचं, म्हणजे कुणालाही वाचता येईल असं. ‘काका, 1957 चे नवे पैसे किती आहेत हो तुमच्याकडे?’ म्हटलं की ते चष्मा सारखा करून पानं उलटायला लागतात. चहा येतो, निवतो. उत्तर मात्र बिनचूक येतं.

मला निवलेला चहा आवडत नाही, म्हणून मी सॉफ्टवेअर शोधायला लागलो. पर्याय पुष्कळ आहेत. एक्सेल तर प्रत्येकाकडे असतंच. न्युमिस्टा ही वेबसाइट आहे, फुकट आहे. जगभरच्या संग्राहकांनी मिळून तिचा कॅटलॉग भरला आहे, त्यात आपल्याकडच्या नाण्यावर खूण केली की झालं. शिवाय डुप्लिकेट नाण्यांची अदलाबदलही तिथे जमते. ओपनन्युमिस्मॅट आपल्या कॉम्प्युटरवर चालतं, तेही फुकट, आणि सगळा संग्रह एका फाइलमध्ये आपल्याच घरात राहतो. विकतचे प्रोग्रॅम आहेत. आणि फोटो काढा, आम्ही नाणं ओळखतो म्हणणारी मोबाइल ॲप आहेत. भाच्याने असंच एक माझ्या फोनवर टाकून दिलं. अशोकस्तंभाचा रुपया त्याने झटक्यात ओळखला. मग मी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा, पुढे केली. झिजलेली, काळपट, एका बाजूला ‘राजा’ आणि त्याखाली अर्धा ‘शि’, दुसरीकडे ‘छत्र’ कसंबसं, ‘पति’ नाण्याच्या कडेबाहेर गेलेलं. ॲपने थोडा विचार केला आणि ते भूमध्य समुद्राकाठचं कुठलंसं प्राचीन नाणं असल्याचं सांगितलं. भाचा म्हणाला, ‘मामा, भारी किंमत येईल!’

गंमत पुढेच आहे. कुठलाही प्रोग्रॅम उघडा, नवं नाणं भरायला घेतलं की ठरलेले रकाने येतात: देश, राजा, साल, टांकसाळ, दर्शनी किंमत, कॅटलॉग नंबर. प्रजासत्ताकाच्या नाण्यांना हे चपखल बसतं. पण ज्या मुलखात टांकसाळी कधी सरकारच्या, कधी मक्त्याने दिलेल्या, आणि नाव तिसऱ्याचंच, तिथली नाणी या रकान्यांत मावत नाहीत.

अंकुशी रुपया घ्या. पाडला पेशवाईत, पुण्यात, खूण अंकुशाची. पण त्यावरचा फारसी मजकूर मुघल बादशहाच्या नावाचा. आता ‘राजा’ या रकान्यात कोण? शिधापत्रिकेच्या अर्जात कुटुंबप्रमुख एकच असावा लागतो, तसा हा फॉर्म एकाच नावासाठी अडून बसतो. आणि ‘देश’? यादीत खाली-वर करत राहावं.

सालाचं तर विचारूच नका. शिवराईवर साल नाही. मुर्शिदाबादी रुपयावर आहे, पण शाह आलमच्या कारकिर्दीचं 19 वं वर्ष. ईस्ट इंडिया कंपनीने तेच वर्ष पुढे कित्येक वर्षं तसंच छापलं. राणीछाप रुपयावर 1862 दिसतं आणि बरं वाटतं, की निदान इंग्रज तरी शिस्तीचे. पण 1862 चा शिक्का 1874 पर्यंत तसाच चालू होता. मुंबईच्या रुपयांवर तारखेजवळचे ठिपके भिंगाखाली मोजून खरं वर्ष कोणतं असावं याचा अंदाज संग्राहक बांधतात. रकाना विचारतो साल, मी लिहितो 1862, आणि ठिपक्यांचं काय ते शेऱ्यात.

याहून वरताण म्हणजे जोगळटेंभीचा साठा. नाशिकजवळ 1906 मध्ये सापडला, 13,000 हून जास्त चांदीची नाणी, सगळी क्षत्रप म्हणजे शक राजा नहपानाची. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. पराभूताची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच शिक्का उठवला. खाली नहपानाचं नाक डोकावतंय आणि वर सातवाहनांचा चैत्य, म्हणजे कमानींच्या टेकडीची खूण. एका नाण्यात दोन राजे, तेही हाडवैरी. माझ्याकडे त्यांतलं एकही नाही. पण उद्या मिळालं तर हा प्रोग्रॅम ते कुठे भरून घेईल, हा प्रश्न मी विकत घेण्याआधीच प्रत्येकाला घालून पाहिला. बहुतेक नापास झाले.

म्हणून माझी पारख साधी झाली. नाण्यांचे किती हजार फोटो आधीपासून भरलेले आहेत, रंगीत आलेख किती, हे मी बघत नाही. स्वतःचे रकाने जोडता येतात का? ‘नावावर कोण’ आणि ‘पाडलं कुणी’ असे दोन वेगळे ठेवता येतात का? आणि शेऱ्यात ऐसपैस लिहिता येतं का, की दोन ओळी झाल्या की दार बंद? वजनाचा रकाना हवाच, कारण चांदीचा बंदा रुपया 11.66 ग्रॅमचा, एक तोळ्याचा, आणि नकली ओळखायला सराफी काट्याइतका विश्वासू साक्षीदार नाही. सर्वांत महत्त्वाचं, सगळी माहिती एक्सेलला उघडेल अशा साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येते का? प्रोग्रॅम बंद पडतात, कंपन्या बुडतात, शिवराई मात्र साडेतीनशे वर्षं टिकून आहे.

आता ओपनन्युमिस्मॅटवर स्थिरावलोय. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने नंबर, तोच फाइलमध्ये. न्युमिस्टाचा उपयोग ओळख पटवायला आणि फोटो ताडून बघायला. पोस्टमास्तरकाकांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ माउस वर-खाली केला आणि विचारलं, ‘लाइट गेल्यावर?’

त्यासाठी दर दिवाळीला एक प्रिंट काढतो आणि अल्बमच्या कपाटात ठेवतो. आपल्यामागे संग्रह सराफाकडे मोडीच्या भावाने जाऊ नये, हाही त्यामागे हेतू आहे. पहिल्या पानावर मुलांसाठी दोन सूचना ठळक टाईपात छापल्या आहेत. पहिली: विकण्याआधी यादी वाचावी. दुसरी: कुणी कितीही सांगितलं तरी नाणी चिंच लावून घासू नयेत.